माळ्यावर सापडलेला काळा खल औषधाला वापरावा का?

निपाणीजवळच्या एका ताईंनी विचारलंय. सासरच्या घराची डागडुजी करताना माळ्यावर लांबट, नावेसारखा काळा खल सापडला. आजेसासरे गावात वैद्यकी करायचे, त्यांचाच असणार. शिवाय यंदा जत्रेतून पांढरा संगमरवरी खल आणलाय. घरी खोकल्यावरचं सितोपलादी आणि हिरड्याचं चूर्ण करायचं आहे, धाकट्या बहिणीच्या दोन महिन्यांच्या बाळाला गुटी उगाळून द्यायची आहे. तर कुठला खल वापरावा, मिक्सर चालतो का, आणि पाट्याबरोबर खलालाही टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं टोचून खरबरीत करून घ्यावी का?

ताई, आधी काळ्या खलाचं सांगतो. पोटात जायचं काहीही त्यात सध्या करू नका. खल वाईट आहे म्हणून नव्हे, तो कदाचित फार उत्तम असेल. पण त्यात आजवर काय काय घोटलं गेलं, ते तुम्हाला माहीत नाही.

त्या पिढीतले बरेच वैद्य गोळ्या, मात्रा (पारा-धातूंची औषधं), भस्मं घरीच करत. त्यातल्या निम्म्याअधिक कामाची सुरुवात कज्जलीनं व्हायची. कज्जली म्हणजे शुद्ध केलेला पारा आणि गंधक एकत्र घोटून केलेली काळीभोर पूड. पाऱ्याचा एकही चमकता कण उन्हात दिसेनासा होईपर्यंत घोटायचं, आणि ते एका बैठकीचं काम नाही. हिंगूळ, हरताळ, मनशीळ हेही खलातच जायचे. हिंगुळात पारा असतो, हरताळ-मनशिळात आर्सेनिक. बचनाग आणि कुचला ही तर उघड विषंच. हे सगळं शोधन म्हणजे शुद्धी करून, मोजून-मापून वापरणाऱ्याच्या हातात ठीक होतं. पण दगडाच्या बारीक छिद्रांत जे बसतं ते राखेनं घासून निघत नाही. तुम्ही त्याच खलात लहान मुलाच्या खोकल्याचं चूर्ण कराल तेव्हा ते थोडं थोडं बाहेर येणार.

आकारावरून खात्री होत नाही, अंदाज येतो. रसरत्नसमुच्चय या पारा-धातूंच्या औषधांवरच्या जुन्या ग्रंथात खलाचं माप दिलंय ते असं: लांबी २४ अंगुळं, रुंदी ९, उंची १६, बत्ता १२ अंगुळांचा. २४ अंगुळं म्हणजे बरोबर एक हात. दगड कसा, तर निळसर-काळा, गुळगुळीत, घट्ट आणि वजनदार. लांबट खल पारा घोटायला सोयीचा पडतो. गोल खलात जोर लावला की पारा काठावरून उडतो, नावेच्या आकारात तो पुढं-मागं पळतो पण आतच राहतो. म्हणून वैद्याच्या घरातला लांबट खल दिसला की मला आधी शंका येते. आता हेही खरं, की कितीतरी वैद्य लांबट खलात नुसती सुंठ-पिंपळीच घोटत आले. घरात कुणी जाणतं असेल तर विचारा, "आजोबा मात्रा करायचे का?" उत्तर नक्की मिळालं नाही, तर तो खल धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून दिवाणखान्यात ठेवा. दिसायला सुंदरच असणार. एक मात्र करू नका: "आगीत तापवला की शुद्ध होतो" असं कुणीतरी सांगेल, तसं तापवायला जाऊ नका. पारा राहिलेला असेल तर त्याची वाफ होते आणि ती घरातल्या सगळ्यांच्या श्वासात जाते.

आता पांढरा खल. संगमरवर दिसतो छान, आणि लसूण-मिरची ठेचायला कोण नको म्हणतंय? पण औषधाला तो मऊ पडतो. दगडांचा कठीणपणा १ ते १० अशा पट्टीवर मोजतात, त्यात संगमरवर ३ च्या आसपास येतो, काळा बेसाल्ट ६ च्या जवळ. सुंठ, हिरडा, मुरुडशेंग असली लाकडासारखी द्रव्यं संगमरवरात कुटली की त्याची भुकटी सुटते, आणि पांढऱ्या चूर्णात ती दिसतसुद्धा नाही. दुसरं म्हणजे आंबट. संगमरवरावर लिंबाचे दोन थेंब टाकून बघा, बारीक बुडबुडे येतात. आवळ्याचा रस, चिंच, ताक असं काहीही त्यात घोटलं की औषधात चुना उतरतो. म्हणून हा खल स्वयंपाकघरात राहू द्या.

मग घ्यायचा कुठला? आपल्या भागात हा प्रश्न सोपा आहे, कारण दगड पायाखालीच आहे. निपाणी, चिकोडीपासून बेळगावच्या उत्तरेकडं दख्खनचा काळा पाषाण पसरलाय, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पाटे-वरवंटे, जाती, खल वडार लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यातूनच घडवत आले. खानापूर-जांबोटीकडं वर तांबडा चिरा लागतो. तो घरबांधणीला उत्तम, दळायला-घोटायला काही कामाचा नाही, भोकाभोकांचा असतो. गोकाककडचा वालुकाश्म दिसायला देखणा, पण त्याचे दाणे सुटतात. आणि काळा पाषाण म्हणजे सगळाच चांगला असंही नाही. त्यात एक जात ठिपक्यांची असते: लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर पांढरे खनिज भरलेले. असा खल घेतला की वर्षभरात ते पांढरे खडे एकेक करून निघतात, जागी खळगे राहतात आणि खळग्यात मागचं औषध. एकसारखा, बारीक पोताचा, ठिपका नसलेला दगड बघा.

दुकानात किंवा जत्रेत खल घेताना मी एवढंच बघतो. ओला पांढरा फडका आतून जोरात फिरवायचा. काजळी-तेल चोळून काळा केलेला असेल तर फडका लगेच सांगतो. सुरीच्या टोकानं तळाला, बाहेरच्या बाजूनं रेघ ओढायची. मऊ दगडावर चर पडतो, चांगल्या बेसाल्टवर उलट सुरीचंच लोखंड घासून चकाकती रेघ उमटते. मग खल हातावर तोलून बत्त्यानं हलकेच ठोका द्यायचा. खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर आत कुठंतरी तडा आहे. विक्रेता कुरकुरतो, कुरकुरू द्या. बत्ता त्याच दगडाचा हवा. मऊ खलाला कठीण बत्ता दिला की खल झिजतो, उलट केलं की बत्ता झिजतो, आणि दोन्ही वेळा झिजलेलं जातं कुठं, तर औषधात. बत्त्याचं टोक खलाच्या तळाला नीट बसतंय का, हेही फिरवून बघा. टोक फार निमुळतं असेल तर तळाशी एकाच ठिकाणी खड्डा पडत जातो आणि बाजूचं चूर्ण भरडच राहतं.

नवा खल घरी आणला की माजवायचा. भिजवलेले तांदूळ घालून घोटायचे, करडं पाणी येईल ते फेकायचं, परत तांदूळ. पाणी पांढरं यायला लागलं की जाडं मीठ घालून कोरडं घोटायचं, तेही फेकायचं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढची परीक्षा मात्र फार कमी लोक करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्वच्छ खडीसाखर घ्या, दोऱ्याची नको, सुटे खडे. मूठभर साखर खलात घालून पंधरा-वीस मिनिटं नेहमीच्या जोरानं घोटा. ही पूड काचेच्या पेल्यात गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. दुसऱ्या पेल्यात तेवढीच न घोटलेली खडीसाखर विरघळवा. दोन्ही पेले तासभर हलवू नका, मग खिडकीच्या उजेडात धरून तळ बघा. साखर विरघळून गेली, म्हणजे घोटलेल्या पेल्याच्या तळाशी जे जास्तीचं उरलं तो तुमचा खल. वरचं पाणी हळूच ओतून टाका आणि तळाचा गाळ दोन काचांमध्ये किंवा नखाखाली घासा. करकर वाजली तर खल अजून तयार नाही, परत तांदूळ-मीठ. चार-पाच फेऱ्यांनंतरही गाळ येतच राहिला तर तो दगडच औषधाचा नाही, मसाल्याला द्या. कारखान्यात हेच काम वेगळ्या रीतीनं करतात: चूर्ण जाळून राख करतात, ती आम्लात विरघळवतात, जी विरघळत नाही ती बहुतेक वाळू-माती-दगड. औषधकोशात प्रत्येक द्रव्याला तिची कमाल मर्यादा दिलेली असते. आपल्याकडं भट्टी नाही, साखर आहे.

ही परीक्षा साखरेवरच करा, तयार सितोपलादीवर नाही. सितोपलादीत वंशलोचन असतं, आणि वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साठलेली सिलिकाच. ती पाण्यात विरघळणार नाही, आणि चांगल्या खलालाही तुम्ही उगाच नावं ठेवाल. तिच्यामुळंच संगमरवरी खल सितोपलादीला सगळ्यात वाईट: वंशलोचन त्याला कानशीसारखं खातं. बाजारात वंशलोचन म्हणून काय काय विकतात तो वेगळा विषय. ओळखीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून घ्या, एवढंच म्हणतो.

सितोपलादीचं प्रमाण फार हुशारीनं बांधलेलं आहे. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. घरासाठी १६०, ८०, ४०, २० आणि १० ग्रॅम घेतलंत तर ३१० ग्रॅम होतं. बहुतेक लोक सगळं एकत्र घालून फिरवतात. तसं करू नका, प्रत्येक द्रव्य वेगळं कुटा, वेगळं चाळा. दालचिनी आधी, तिला वेळ लागतो. पिंपळी कुटताना खलावर मधोमध भोक पाडलेलं फडकं टाका, बत्ता त्या भोकातून जाऊ द्या, नाहीतर सगळं घर शिंकतं. वेलचीचे दाणे तेलकट, ते खलाला चिकटून बसतात आणि नुसते चेपतात. त्यात ठरलेल्या साखरेतलीच चिमूटभर खडीसाखर टाका. साखरेचे कोपरे दाणे फाडतात, तेल शोषून घेतात आणि पूड मोकळी होते.

मग मिसळायचं, तेही शेवटच्याकडून. १० ग्रॅम दालचिनीत २० ग्रॅम वेलची घालून घोटा, झाले ३०. त्यात ४० पिंपळी, झाले ७०. त्यात ८० वंशलोचन, १५०. त्यात १६० साखर. प्रत्येक वेळी खलात जेवढं आहे साधारण तेवढंच नवं पडतं, म्हणून मिश्रण एकसारखं होतं. उलट मोठ्या साखरेच्या ढिगात चिमूटभर दालचिनी टाकली, तर एका पुडीत ती असेल आणि दुसऱ्या पुडीत नसेल. एका वेळी खल तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरू नका. आणि हो, या चूर्णात निम्म्याहून जास्त साखर आहे, घरात मधुमेहाचं माणूस असेल तर "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" म्हणून चमचा-चमचा देऊ नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून तर कुठलंच चाटण देऊ नका. मधातून अर्भकांना बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

चाळण्याबद्दल: जुन्या ग्रंथांत चूर्ण "वस्त्रगाळ" सांगितलंय, म्हणजे कापडातून गाळलेलं. आज औषधनिर्मितीत साधारण ८० नंबरची चाळण धरतात, तिचं भोक ०.१८ मिलिमीटरच्या आसपास. घरी धुवट मलमलीचं दुहेरी कापड भांड्याच्या तोंडावर ताणून बांधा आणि वरून हात फिरवा. कापडावर उरलेलं परत खलात. शेवटी सुंठीचे आणि ज्येष्ठमधाचे तंतू उरतात, ते कितीही घोटलेत तरी पूड होत नाहीत. ते चहात टाका.

हिरड्याला मात्र दगडच हवा, लोखंडी खलबत्ता नको. हिरड्यातला तुरट अंश लोखंडाशी भेटला की काळा रंग धरतो, पूर्वी शाई करायची एक रीत हीच होती. ओला हिरडा किंवा हिरड्याचा काढा लोखंडात गेला तर दिसायलाच निळा-काळा होतो. पितळी खलबत्त्यात कोरडं कुटायला हरकत नाही, पण आंबट-ओलं ठेवलं की कळकतं. खानापूरच्या रानातला हिरडा घरी येत असेल तर बी काढून फक्त साल कुटायची. बी फोडायच्या नादात खलाचे टवके उडवणारे लोक मी पाहिलेत. ते काम अंगणातल्या दगडावर करा, खलात नाही.

मिक्सर चालतो का? चालतो. हे ऐकून काही जण नाराज होतील, पण कोरड्या चूर्णाला मिक्सर वापरून औषध नासतं, असं मला वाटत नाही. अडचण आहे ती उष्णतेची. घरचा मिक्सर मिनिटाला १८ हजारांच्या आसपास फिरू शकतो, भांडं हाताला गरम लागतं, आणि वेलची, लवंग, दालचिनी, ओवा यांचं औषध आहे तेच मुळी उडून जाणाऱ्या तेलात. तुम्हाला स्वयंपाकघरभर वेलचीचा वास आला, म्हणजे तेवढी वेलची डब्यातून कमी झाली. म्हणून दहा-पंधरा सेकंद फिरवा, थांबा, झाकण न उघडता गार होऊ द्या, परत फिरवा. सुंठ, अश्वगंधा, बेहडा, ज्येष्ठमध मिक्सरला द्या. वासाची द्रव्यं आणि शेवटचं मिसळणं खलात करा. काढ्याला तर बारीक पूड लागतच नाही. जवाएवढी भरड हवी, उखळात किंवा खलबत्त्यात चार ठोके देऊन केलेली. बारीक पूड उकळत ठेवली की तळाशी बसते, करपते आणि काढा गाळताना फडकं बुजतं.

एक काम मात्र मिक्सर करूच शकत नाही, ते म्हणजे भावना देणं. आवळ्याचंच घ्या. आवळ्याचं चूर्ण खलात घालायचं, त्यावर ताज्या आवळ्याचा रस पूर्ण भिजेपर्यंत ओतायचा आणि घोटत राहायचं. सुरुवातीला ते पातळ असतं, बत्ता नुसता चपचप करतो, मन लागत नाही. मग ते दाट होतं, बत्त्याला धरून ठेवतं, मनगटाला खरा त्रास इथं होतो. कडेला चढलेलं बांबूच्या पट्टीनं सारखं खाली ओढावं लागतं, नाहीतर तळाचं घोटलं जातं आणि कडेचं तसंच वाळतं. शेवटी गोळा फुटतो, कोरडा होतो, बत्त्याचा आवाज खसखस असा बदलतो. मग सावलीत वाळवायचं. ही एक भावना. अशा सात देण्याची चाल आहे. प्रत्येक वेळी चूर्णाचा कण अधिक बारीक होतो आणि रसाचा सुकलेला अंश त्याच्यावर चढतो. आंबट रसात इतका वेळ घर्षण, म्हणून मघाशी दगडावर एवढा वेळ घालवला.

चौसष्टप्रहरी पिंपळीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. एक प्रहर तीन तासांचा, म्हणजे ६४ प्रहर हे पुरे आठ दिवस-रात्रींचं घोटणं. पूर्वी माणसं पाळ्या लावून घोटत, आता यंत्राचे खल आहेत. घरी याच्या वाटेला जाऊ नका. आणि "आम्ही घरी हातानं केलेली" म्हणून कुणी विकायला आलं, तर किती जणांनी, किती दिवस, एवढं विचारा.

इडली-डोशाच्या टेबलावरच्या ग्राइंडरमध्ये भावना देता येते का, असं बरेच जण विचारतात. त्यातले गोटे ग्रॅनाइटचे, म्हणजे दगड ठीक. पण तो रोज उडीद-तांदूळ वाटायला वापरता तो नको. पिठाचा अंश रबराच्या आणि प्लॅस्टिकच्या सांध्यांत राहतो, आंबतो. औषधाला वेगळा ठेवायची तयारी असेल तर बघा.

आता बाळाची गुटी. इथं मी थोडा कडक बोलणार आहे. बाळ दोन महिन्यांचं आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि बालरोगतज्ज्ञही. आमच्या भागात आजीच्या हातची गुटी पाचव्या-सहाव्या दिवसापासून सुरू होते हे मला माहीत आहे, मीही त्याच घरातला आहे. पण सहाण धुतली कशी, पाणी कुठलं, फडकं कुठलं, यातून जुलाब होतात, आणि मग पोट बिघडलं म्हणून गुटी वाढवली जाते.

त्याहून मोठी गोष्ट मात्रेची. गुटीचं माप वेढ्यांवर, म्हणजे सहाणेवर उगाळायच्या फेऱ्यांवर असतं: हिरड्याचे इतके वेढे, जायफळाचा एक, वेखंडाचा एक. पण एका वेढ्यात किती उतरतं, ते सहाण ठरवते. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेल्या सहाणेवर जायफळाचा एक वेढा म्हणजे नुसता रंग. तोच वेढा नव्या, खरबरीत सहाणेवर दिला, वर हात दाबून दिला, तर कितीतरी जास्त जायफळ उतरतं आणि बाळ गुंगून पडतं. आजीचे वेढे आजीच्या सहाणेचे होते, जत्रेतून आणलेल्या सहाणेला ते लागू पडत नाहीत. वेखंडाचं तर आणखी एक आहे: त्यात बीटा-असरोन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याच्या अपायावरून अमेरिकेत १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी झाली. मोठ्यांना वैद्य देतात ते मोजून, काही दिवसांसाठी. दोन महिन्यांच्या बाळाला घरच्या घरी रोज देण्याची ही वस्तू नाही. बहिणीला सांगा, पोटात कळ येत असेल तर बाळाला डॉक्टरांना दाखवा. सहाणेचा खरा उपयोग मोठ्यांसाठी भरपूर आहे: डोकं धरलं तर सुंठेचा लेप, मुका मार लागला तर रक्तचंदन आणि आंबेहळद. लेपाला सहाणेएवढं चांगलं काही नाही, कारण खलातल्या पुडीपेक्षा उगाळलेलं गंध कितीतरी मऊ असतं आणि त्वचेला एकसारखं बसतं.

ओल्या पाल्याला पाटा-वरवंटा. ओलं द्रव्य दगडावर वाटलं की तो कल्क, असं जुन्या आयुर्वेद-ग्रंथकार शार्ङ्गधरानंच सांगितलंय, आणि त्यासाठी पाट्याचा पसरट उतार लागतो. खलात पाला नुसता फिरतो. अडुळशाची पानं कच्ची वाटून पिळलीत तर रस जेमतेम निघतो. आधी वाफवा, मग वाटा, लगेच सुटतो. गुळवेल बोटाएवढी जाड घ्या, वरची पातळ साल खरवडून काढा, मग ठेचा. सत्त्व करायचं असेल तर ठेचलेली वेल रात्रभर पाण्यात ठेवून, कुस्करून, गाळून, पाणी स्थिर होऊ द्यायचं. तळाला बसतो तो पांढरा थर. पाटा मसाल्याचा असेल तर आधी नुसतं ओलं खोबरं वाटून बघा. खोबरं तिखट लागलं तर अडुळसाही तिखट लागणार.

धुण्याला साबण, भांड्यांची पावडर नको, दगड ती पितो. गरम पाणी, नारळाच्या काथ्याचा कुंचा, आणि कडक ऊन. आपल्याकडं ऊन हीच अडचण आहे. मृग लागला की खानापूर-जांबोटी-कणकुंबीकडं दोन-तीन महिने काहीच वाळत नाही. निपाणीकडं पाऊस कमी, तरी हवा दमटच. म्हणून द्रव्यं चैत्र-वैशाखात वाळवून, कुटून, काचेच्या बरणीत भरून टाका, आणि पावसाळ्यात खल पालथा न घालता चुलीजवळ किंवा कपाटावर उघडा ठेवा, म्हणजे आत बुरशीचा वास धरत नाही. शार्ङ्गधराच्या मते चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होतं. कारखान्याच्या डब्यावर दोन वर्षांची मुदत असते, पण ती बंद डब्याची, कोरड्या खोलीत भरलेल्या मालाची. घरच्या चूर्णाला मी दोन-तीन महिन्यांच्या वर मुदत देत नाही. गुठळ्या झाल्या तर फेकून द्या, परत खलात घालून मोकळं करू नका. बिब्बा कुटायचा असेल तर खल कायमचाच वेगळा ठेवा. मुळात बिब्बा घरी कुटूच नका, अंगावर उततो.

राहिली टाकी. जात्याला टाकी लागते, कारण तळीवरचे चरे झिजले की जातं दळत नाही, नुसतं घासतं आणि पीठ तापतं. पाट्याला हलकी लागते, वरवंटा घसरायला लागला की. टाकी लावणारी माणसं दारावर येतात तेव्हा अंगणात, वाऱ्याच्या बाजूला बसवा, दगड ओला करून काम करू द्या, लहान मुलांना लांब ठेवा. ती धूळ छातीत बसते आणि या व्यवसायातल्या माणसांचं आयुष्य तिनं खाल्लंय. टाकी लागल्यावर जात्यातून पहिलं कोंडा-तांदळाचं दळण जनावरांनाही घालू नका, टाकून द्या. पाट्यावर तांदूळ-मिठाचं तेच, जे खलाला सांगितलं. खलाला आणि सहाणेला मात्र टाकी कधीच नाही. खलाचा गुण त्याच्या गुळगुळीतपणात आहे; टाकीच्या खळग्यांत आधीचं औषध अडकून बसतं आणि दगडाची कच पुढं वर्षभर निघत राहते. तेव्हा पाटा आणि जातं अंगणात काढा, खल आतच राहू दे.